असमर्थतेची सिद्धता : इतवारीचा हमाल, गिरणीकामगार आणि कायद्याची भाषा

नागपूर शहराच्या जुन्या भागात वारांची नावे धारण करणाऱ्या वस्त्या पुष्कळ आहेत. बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी, शनिचरा आणि इतवारी ही नावे त्या त्या दिवशी भरणाऱ्या बाजारांच्या खुणा होत. ह्यांपैकी इतवारीस कालांतराने घाऊक व्यापाराच्या केंद्राचे स्वरूप आले. सराफा, किराणा ओळ, जवळचे मस्कासाथ आणि गांधीबागेतील कापडबाजार मिळून जो व्यवहार येथे चालतो त्याचा सारा भार अखेर हमालाच्या पाठीवर येतो. पोती, गठ्ठे व पेट्या ह्यांची चढउतार करणारा हा कामगार दिवसाकाठी अनेक दुकानांचे काम करतो आणि नगावर मजुरी घेतो. इतवारीपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, जुम्मा तलावाच्या बाजूस, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तेथला कामगार एका मालकाचा, हजेरीपटावरचा, भोंग्याच्या वेळेने बांधलेला होता. शहर एकच, परंतु श्रमाच्या ह्या दोन पद्धती अगदी भिन्न होत्या.

ह्या दोघांच्या शरीरास कामात इजा झाली म्हणजे ते ती कशा प्रकारे सांगतात, ह्याकडे भाषेच्या अभ्यासकाने लक्ष देण्याजोगे आहे. गिरणीतला माणूस म्हणतो, ‘दोन बोटे गेली.’ हमाल म्हणतो, ‘आता पोते उचलवत नाही.’ पहिल्या वाक्यात अवयवाचे नाम आहे आणि त्याचा नाश सांगितला आहे. दुसऱ्यात अवयवाचा उल्लेखच नाही. आहे ते मराठी वैयाकरणांनी ज्यास शक्य क्रियापद म्हटले ते रूप, आणि त्याचा संबंध कामाशी. पाठ दुखते की गुडघा, हे त्या वाक्यावरून कळत नाही. पोते आणि माणूस ह्यांच्यातील नाते तुटले, एवढेच कळते. ह्या देशातील कायद्यास पहिले वाक्य १९२३ साली समजले. दुसरे समजू लागण्यास त्यानंतर सुमारे नऊ दशके जावी लागली. नोकरीत असमर्थतेमुळे अन्याय झाला असे म्हणणाऱ्यास प्रथम आपली असमर्थता सिद्ध करावी लागते. तिच्या सिद्धतेचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशी ह्या दोन वाक्यांच्या झगड्याचा इतिहास होय.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जखमी कामगारास कायद्याचा आधार जवळजवळ नव्हताच. १८५५ चा प्राणघातक अपघातांविषयीचा अधिनियम मृताच्या वारसांकरिता होता, आणि तेथेही दुसऱ्याचा दोष शाबीत करावा लागे. जिवंत राहून निकामी झालेल्यास दिवाणी दाव्याची वाट मोकळी होती असे पुस्तकात म्हणता येईल. गिरणीतल्या माणसाने ती चोखाळावी कशी, हा प्रश्न वेगळा. अशा काळात एम्प्रेस मिलने १८९५ पासून अपघातग्रस्त कामगारांस भरपाई देण्याची प्रथा सुरू केली, ही गोष्ट नागपूरच्या इतिहासात नोंद घेण्यासारखी आहे. तथापि ती देणगी होती, हक्क नव्हता. जेथे हक्क नाही तेथे पुराव्याचे शास्त्रही निर्माण होत नाही; व्यवस्थापकाची खात्री पटली म्हणजे पुरे होते.

पुराव्याचे शास्त्र आले ते कामगार नुकसानभरपाई अधिनियमाबरोबर. हा अधिनियम १९२३ साली संमत होऊन १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याने मालकाचा दोष शाबीत करण्याची अट काढून टाकली. कामातून उद्भवलेला आणि कामाच्या ओघात झालेला अपघात एवढे दाखविणे पुरेसे ठरविले. आणि दुखापतीचे मोजमाप व्हावे म्हणून सोबत एक अनुसूची जोडली. ह्या अनुसूचीचे वाचन कोणत्याही कोशवाचनाइतके उद्बोधक आहे. कोपरावर किंवा कोपरापाशी उजवा हात गेल्यास मिळकतीच्या क्षमतेत ७० टक्के घट, डावा गेल्यास ६०. गुडघ्याच्या वर पाय गेल्यास ६०, खाली गेल्यास ५०. एक डोळा ३०. अंगठा २५. तर्जनी १०. तर्जनीखेरीज अन्य कोणतेही बोट ५. प्रौढ कामगाराच्या पूर्ण व कायम असमर्थतेची भरपाई बेचाळीस महिन्यांची मजुरी किंवा ३,५०० रुपये, ह्यांपैकी जी कमी असेल ती, अशी ठरली होती. म्हणजे तर्जनीची किंमत सव्वाचार महिन्यांच्या मजुरीच्या जवळपास येते. आणि उजव्या व डाव्या हातांच्या किमतींतील अंतर नेमके एका तर्जनीएवढे भरते. डावखुऱ्या कामगाराचा विचार अनुसूचीकाराच्या मनात आलेला दिसत नाही.

ह्या पत्रकाची थट्टा करणे सोपे आहे. परंतु त्याचा एक मोठा गुण विसरता कामा नये. त्याने कामगारास वादातून सोडविले. अंगठा गेला आहे की नाही हे पाहण्यास वकील लागत नाही, साक्षीदार लागत नाहीत, मालकाच्या डॉक्टरची मर्जीही लागत नाही. मोजता येते ते निर्विवाद असते. १९६२ च्या दुरुस्तीने अनुसूची नव्याने लिहिली गेली तेव्हा उजव्या-डाव्याचा भेद गेला, अंगठा ३० वर आणि तर्जनी १४ वर गेली, आणि पेरापेराचा हिशेब आला : मधल्या बोटाची दोन पेरे ९, एक पेर ७, हाड न जाता नुसते टोक गेल्यास ४. मोजणी अधिक बारीक झाली. मोजण्याचे तत्त्व मात्र पूर्वीचेच राहिले.

अनुसूचीत नसलेल्या दुखापतीसाठी अधिनियमात वेगळी वाट ठेवलेली होती. तेथे मिळकतीची क्षमता प्रत्यक्ष किती घटली हे दाखवावयाचे असे. कागदावर ही वाट अधिक न्याय्य होती, कारण तीत अवयवापेक्षा कामाचा प्रश्न विचारला जाई. व्यवहारात ती बिकट होती, कारण येथे मोजपट्टी संपून वाद सुरू होत असे. इतवारीच्या हमालाची पाठ ह्याच वाटेवर येते. पाठीचा कणा १९२३ च्या अनुसूचीत नाही. ओझ्याने झिजलेल्या कण्याच्या बाबतीत ‘अपघात’ कोणत्या दिवशी झाला हे सांगणेही कठीण. तो एके दिवशी झालेला नसतो, वीस वर्षे होत आलेला असतो.

त्यातही हमालापुढे एक अडसर आणखी होता. अधिनियमाचा लाभ सर्वच श्रमिकांस नव्हता. दुसऱ्या अनुसूचीत ज्यांचा धंदा नमूद असे त्यांनाच तो मिळे. पुढे विस्तारलेल्या ह्या अनुसूचीत मालाची हाताळणी करणाऱ्यांचा समावेश झाला, पण कोणत्या अटीवर? वखारीत असेल तर गेल्या बारा महिन्यांतील कोणत्या तरी एका दिवशी तेथे दहा किंवा अधिक माणसे अशा कामास असली पाहिजेत. बाजारात असेल तर पन्नास. म्हणजे आपली पाठ मोडली हे सांगण्यापूर्वी हमालाने बाजाराची शिरगणती सिद्ध करावयाची! शिवाय मालक कोण, हा प्रश्न उरतोच. सकाळी डाळीच्या वखारीत, दुपारी किराण्याच्या दुकानात, संध्याकाळी मालमोटारीवर काम करणाऱ्याचा मालक अडत्या, वाहतूकदार की टोळीचा मुकादम? महाराष्ट्रात ह्या प्रश्नाचे काहीसे समाधानकारक उत्तर १९६९ च्या माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांविषयीच्या अधिनियमाने दिले. त्याने मंडळ स्थापून नोंदणीची पद्धत घातली आणि नोंदलेल्या कामगारास नुकसानभरपाईचा कायदा लागू केला. हमाल कोणाचा, ह्या प्रश्नास नोंदणीच्या पुस्तकात जागा मिळाली. त्याच्या पाठीस ती मिळाली असे म्हणता येत नाही.

आता पुन्हा गिरणीकडे वळू. तेथे बोटांखेरीज दुसरेही एक नुकसान होत होते, आणि ते कोणत्याही मोजपट्टीवर दिसत नव्हते. कापसाच्या गाठी फोडणारे ब्लोरूम आणि पिंजणीचे कार्डिंग ह्या खात्यांतील धुळीने छातीस जो विकार जडतो त्यास बिसिनोसिस म्हणतात. त्याचे आरंभीचे लक्षण मोठे चमत्कारिक आहे. साप्ताहिक सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरे वाटू लागते. रोग वाढला म्हणजे आवळणे आठवडाभर टिकते, आणि अखेर सुटीच्या दिवशीही श्वास पुरत नाही. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग ह्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास ह्या विकाराच्या ज्या पायऱ्या ठरविल्या त्या ह्याच गोष्टीवर आधारल्या आहेत : केवळ अधूनमधून पहिल्या दिवशी, दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी, पहिल्या आणि इतर दिवशीही, आणि त्यासोबत कायमची घटलेली श्वासक्षमता. क्ष-किरणांच्या चित्रात ह्या रोगाची स्वतःची अशी खूण नसते. जुनाट खोकला आणि दमा ह्यांहून तो वेगळा ओळखावयाचा तर कामगारास विचारावे लागते, ‘कोणत्या दिवशी?’

ज्या शहरात पेठांची नावे वारांवरून पडली तेथे ह्या रोगाचा पुरावाही वारांच्या हिशेबातच दडलेला असावा, हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. त्यातील तत्त्व मात्र सोडण्यासारखे नाही. बोटाचा पुरावा बोटावर असतो. बिसिनोसिसचा पुरावा कामगाराच्या कथनात असतो. कथन करणारा जो तोच लाभाचा मागणारा, म्हणून त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा किंवा नाही हा प्रश्न उपस्थित होतो. आणि विश्वास न ठेवावा तर ज्यावर ठेवावा असे दुसरे काही आरंभीच्या अवस्थेत हाती नसते. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा अधिनियमाने कायम असमर्थतेचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे सोपविला. ही योजना नागपुरात १९५४ साली, शहर मध्य प्रदेशाची राजधानी असताना, लागू झाली. विम्याखाली आलेल्या कामगारास त्याच दुखापतीसाठी १९२३ च्या अधिनियमाखाली मालकाकडे जाण्याची वाट बंद झाली. व्यवसायजन्य रोगांच्या यादीत कापसाच्या धुळीच्या विकाराचा समावेश झाला. त्यामुळे विकाराचे आणि धंद्याचे नाते प्रत्येकाने नव्याने शाबीत करण्याचे कारण उरले नाही. पण विकार आहे, हे मंडळापुढे सिद्ध करणे उरलेच. कामगार मंडळापुढे कोणत्या वारी उभा राहतो, हे येथे गौण नाही. चार दिवस रजा घेऊन तपासणीस आलेल्याची छाती, त्या रोगाच्या पहिल्या पायरीवर, स्वच्छ ऐकू येईल.

येथवर असमर्थता सिद्ध करण्याचा भार कामगारावर होता, कारण तिच्यातून त्याला काही मिळावयाचे होते. ह्याच काळात दुसऱ्या एका कायद्यात नेमकी उलट स्थिती निर्माण झाली. औद्योगिक विवाद अधिनियमात १९५३ साली कामगारकपातीची व्याख्या घालण्यात आली, आणि तिच्यातून प्रकृतीच्या सततच्या अस्वास्थ्यामुळे केलेली सेवासमाप्ती वगळली गेली. कपात ठरली तर मालकास भरपाई द्यावी लागते. अस्वास्थ्य ठरले तर लागत नाही. अर्थात येथे असमर्थता सिद्ध करण्यात स्वारस्य मालकास होते. एकच माणूस एका कचेरीत ‘माझी छाती गेली’ असे म्हणत असता मालक ते नाकारणार, आणि दुसऱ्या कचेरीत ‘मला काम होते’ असे म्हणत असता मालक तेही नाकारणार, असा प्रसंग ह्या दोन कायद्यांच्या सांध्यावर सहज संभवतो. आपण पुरेसे निकामी आहोत हे दाखवावे तर नोकरी जाते. पुरेसे सशक्त आहोत हे दाखवावे तर संरक्षण जाते.

हा पेच केवळ भारतीय नव्हे. अमेरिकेत १९९० साली असमर्थ नागरिकांसंबंधीचा विख्यात कायदा झाला. त्याखाली दोन जुळ्या बहिणींनी एका विमान कंपनीविरुद्ध दावा लावला. दोघी वैमानिक, दोघींची दृष्टी अतिशय मंद, पण चष्म्याने पूर्ण सुधारणारी. कंपनीने चष्म्याविना मोजलेल्या दृष्टीवरून त्यांना नाकारले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली निर्णय दिला की, चष्मा लावल्यावर त्यांना नीट दिसते, म्हणून त्या कायद्याच्या अर्थाने असमर्थ नाहीत. कंपनीने डोळे चष्म्याविना मोजले, न्यायालयाने चष्म्यासह मोजले, आणि दोन्ही मोजमापांत त्या बहिणी हरल्या. ह्या प्रकारच्या निर्णयांची परिणती म्हणून तेथील विधिमंडळाने २००८ मध्ये दुरुस्ती करून, वाद्याची असमर्थता कोरत बसण्याऐवजी भेदभाव झाला की नाही हे पाहावे, असे स्पष्ट केले.

भारतात ह्या पेचाचा पहिला मोठा निकाल बसचालकांच्या प्रकरणात लागला. राजस्थानच्या मार्ग परिवहन महामंडळातील काही चालकांना दृष्टी अधू झाल्यामुळे कमी करण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९० मध्ये म्हटले की, अस्वास्थ्य हा शब्द कामाच्या संदर्भातच वाचला पाहिजे. माणूस एरवी धडधाकट असला तरी सोपविलेले काम करण्यास त्याच्या प्रकृतीचा जो दोष आड येतो ते अस्वास्थ्य होय. ही व्याख्या विचार करण्याजोगी आहे. असमर्थता अंगात नसून अंग आणि काम ह्यांच्या नात्यात आहे, हे तत्त्व येथे मान्य झाले; पण कामगाराच्या विरुद्ध. सेवासमाप्ती कपात ठरली नाही. न्यायालय मात्र तेथे थांबले नाही. वर्षानुवर्षे रस्त्यावर डोळे ताणणे हा त्या धंद्याचाच धोका आहे असे मानून त्याने पर्यायी काम आणि भरपाई ह्यांची योजना आखून दिली. अनुसूचीच्या भाषेत न बसणारी गोष्ट न्यायालयास अशा रीतीने बाजूने आणावी लागली.

पाच वर्षांनी, १९९५ मध्ये, संसदेने समान संधी, हक्कांचे संरक्षण व पूर्ण सहभाग ह्यांविषयीचा अधिनियम केला आणि तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्याच्या ४७ व्या कलमाने सांगितले की, सेवेत असताना असमर्थता आलेल्या कर्मचाऱ्यास काढता येणार नाही किंवा त्याचा दर्जा उतरविता येणार नाही. जमत नसेल ते काम बदलून त्याच वेतनावर दुसरे द्यावे, आणि तेही नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करावे. ह्याच अधिनियमाने ४० टक्क्यांची मर्यादा आणली : वैद्यकीय प्राधिकाऱ्याने प्रमाणित केलेली चाळीस टक्क्यांहून कमी नाही अशी असमर्थता असलेली व्यक्ती म्हणजे ह्या कायद्याची लाभधारक. १९२३ च्या अनुसूचीत टक्का हा भरपाईचा भाग होता. अंगठ्याचे पंचवीस म्हणजे भरपाईचा चौथा हिस्सा. आता टक्का दरवाजा झाला. एकोणचाळीस म्हणजे चाळिसाहून एक कमी नव्हे. एकोणचाळीस म्हणजे शून्य.

तरीही ह्या अधिनियमाच्या शब्दरचनेत एक फट होती, आणि ती सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली कुणाल सिंग ह्यांच्या प्रकरणात नेमकी हेरली. सुरक्षा दलातील ह्या शिपायाचा डावा पाय कर्तव्यावरील दुखापतीनंतर कापावा लागला आणि त्यास सेवेतून मोकळे करण्यात आले. न्यायालयाने दाखवून दिले की, ‘असमर्थता’ आणि ‘असमर्थ व्यक्ती’ ह्या दोन संज्ञांच्या व्याख्या अधिनियमात वेगवेगळ्या आहेत. चाळीस टक्क्यांची अट दुसरीस जोडलेली आहे, आणि ४७ वे कलम पहिली वापरते. नामाची आणि विशेषणयुक्त नामाची व्याख्या वेगळी आहे एवढ्या व्याकरणावर एका माणसाची नोकरी टिकली. शब्दार्थाच्या अभ्यासास व्यवहारात उपयोग नाही असे मानणाऱ्यांनी हा निकाल अवश्य वाचावा. मात्र हे कलम सरकारी व निमसरकारी आस्थापनांपुरतेच होते. इतवारीच्या पेढीस ते बांधून घेत नव्हते.

सिद्धतेचा भार दुसऱ्याच अर्थाने पालटणाऱ्या एका जुन्या कायद्याची नोंद येथेच करणे इष्ट. १८९८ च्या कुष्ठरोग्यांविषयीच्या अधिनियमाने प्रांतिक सरकारास अधिकार दिला होता की, अधिसूचित क्षेत्रात कुष्ठरोग्याने खाण्यापिण्याचे पदार्थ तयार करू वा विकू नयेत, सार्वजनिक विहिरीचे पाणी घेऊ नये, भाड्याची वाहने हाकू नयेत असे ठरवावे. म्हणजे वैद्यकीय दाखला हा धंद्यातून हद्दपारीचा हुकूम होता. दाखला मिळविण्यात नव्हे, टाळण्यात माणसाचे हित होते. ज्या विदर्भात वर्ध्याजवळ दत्तपूरचे कुष्ठधाम १९३६ मध्ये मनोहर दिवाणांनी आणि वरोऱ्यास आनंदवन १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी उभे केले, तेथे त्याच माणसांच्या हातांनी शेती, विणकाम आणि बांधकाम झाले. १८९८ चा हा अधिनियम २०१६ पर्यंत रद्द झाला नव्हता, हे सांगितल्यावर आश्चर्य वाटेल.

मुंबई उच्च न्यायालयाचे दोन निर्णय ह्या इतिहासात विशेष मानाचे आहेत. पहिला १९९७ चा. सार्वजनिक क्षेत्रातील एका महामंडळाने एका हंगामी मजुरास रक्तात एच.आय.व्ही. आढळला एवढ्यावरून कामास घेण्याचे नाकारले. कामास लागणारी शारीरिक पात्रता त्यास होती. न्यायालयाने म्हटले की, रोगाचे नाव हा पुरावा नव्हे. हा माणूस हे काम करू शकतो का आणि त्यापासून इतरांस खरा धोका आहे का, हे प्रत्येक बाबतीत स्वतंत्रपणे पाहिले पाहिजे. दुसरा २००९ चा. मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या उमेदवारास एका बँकेने वैद्यकीय दृष्ट्या अपात्र ठरविले होते. १९९५ च्या अधिनियमातील कोणत्याही रकान्यात तो बसत नव्हता. भारताने २००७ साली स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातील वाजवी सोयीची कल्पना न्यायालयाने येथे लावली, आणि सोय करून देणे मालकास अवाजवी जड जाते हे दाखविण्याचे काम मालकाचे मानले. येथे प्रथमच, ‘तुझ्यात काय नाही?’ हा प्रश्न मागे पडून ‘तुम्ही काय केले असते म्हणजे चालले असते?’ हा प्रश्न पुढे आला.

हा बदल भाषेने किती पेलला, हे पाहू. मराठीत व्यंगांची जुनी नावे सुटी सुटी आहेत : आंधळा, बहिरा, मुका, लंगडा, लुळा, थोटा. त्या सर्वांस पोटात घेणारे जातिवाचक नाव बोलीस लागले नाही. जवळचे एक विशेषण ‘अधू’, पण तेही एकटे फारसे वावरत नाही. ‘पायाने अधू’, ‘एका डोळ्याने अधू’ असे तृतीयेचे पद ते बरोबर मागते. जातिवाचक नाव लागले ते शासनास. मग ‘अपंग’ आला, ‘विकलांग’ आला, आणि २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी सुचविल्यावर ‘दिव्यांग’ आला. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी ह्याच नावाचे स्वतंत्र कल्याण खाते स्थापले. ह्या शब्दांपैकी कोणता सन्मानाचा, ह्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण तिन्ही शब्दांचे रोख एकाच दिशेस आहेत, हे फारसे कोणी पाहिले नाही. विकल असो वा दिव्य, उत्तरपद अंग हेच. आणि ‘अपंग’ ऐकतानाही मराठी कानास तेच ऐकू येते. ज्या संज्ञेतच अंग बसले आहे तिची सिद्धता अंगावर शोधली जाणे स्वाभाविक होय.

२०१६ चा हक्कांविषयीचा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या मराठी व हिंदी नावात अंग आहे. व्याख्येत ते एकटे नाही. दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक वा संवेदनिक उणीव ही अडथळ्यांच्या संयोगाने समाजातील पूर्ण सहभागास बाधक होते अशी व्यक्ती, अशी ती व्याख्या आहे. तीत टक्का नाही. चाळीस टक्क्यांची अट लगतच्या दुसऱ्या व्याख्येत आहे, आणि ती आरक्षणादी लाभांपुरती. भेदभावाच्या व्याख्येत हेतूबरोबर परिणामही आला, आणि वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव ठरला. तिसरे कलम म्हणते की, रास्त हेतू साधण्याचा तो प्रमाणशीर मार्ग आहे असे दाखविले गेल्याखेरीज भेदभाव करता येणार नाही. ‘दाखविले गेल्याखेरीज’ हा कर्मणी प्रयोग आहे. कोणी दाखवावयाचे ते कलमाने उच्चारले नाही. परंतु ज्याने नाकारले त्यावाचून दुसरा कर्ता ह्या वाक्यास शोभत नाही. नोकरीसंबंधीचे विसावे कलम मात्र ह्याही वेळी सरकारी आस्थापनांपुरते राहिले. खाजगी आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करावे, इतपत अपेक्षा पुढील कलमात आहे.

ह्या दोन व्याख्यांतील अंतराचा निकाल ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार ह्यांच्या प्रकरणात लागला. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या ह्या परीक्षार्थ्यास लेखनिक नाकारण्यात आला होता, कारण त्याचा विकार ठराविक टक्क्यांत बसत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वाजवी सोयीचा हक्क पहिल्या, टक्केविरहित व्याख्येतील व्यक्तीस आहे. दुसऱ्या व्याख्येची अट पहिलीवर लादता येत नाही. त्याच वर्षी १७ डिसेंबरला मानसिक आजार असलेल्या निमलष्करी अधिकाऱ्याविरुद्धच्या शिस्तभंगाच्या कारवाईत न्यायालयाने कार्यकारणाचाही प्रश्न सोडविला. असमर्थता हे त्या कारवाईचे एकमेव कारण होते असे दाखविण्याची गरज नाही. अनेक कारणांपैकी ती एक असली तरी संरक्षण मिळते. भेदभावाच्या दाव्यात हा मुद्दा निर्णायक असतो, कारण ‘तू असमर्थ आहेस म्हणून’ असे कोणताही मालक लिहून देत नाही. तो गैरहजेरी, गैरवर्तन किंवा मंद काम असे लिहितो.

हमालाचे वाक्य आता कायद्यास समजू लागले, असे ह्यावरून वाटते. ते कागदात कितपत उतरले, हे पाहण्यासाठी दोन नमुने शेजारी ठेवावेत. इतवारीजवळच्या मेयो रुग्णालयापासून देशातील कोणत्याही सरकारी रुग्णालयापर्यंत जो असमर्थतेचा दाखला दिला जातो, त्याच्या ठरीव नमुन्यात टक्क्यासाठी एक रिकामी जागा आहे आणि ‘शरीराचा भाग’ ह्यासाठी दुसरी. काम कोणते, हे विचारणारी जागा त्यात नाही. दुसरा नमुना असमर्थ व्यक्तींस योग्य अशा सरकारी पदांच्या यादीचा. केंद्र शासनाने ती ४ जानेवारी २०२१ रोजी नव्याने प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक पदापुढे संक्षेपाक्षरे आहेत, आणि ती सर्व क्रियांची आहेत : बसणे, उभे राहणे, चालणे, वाकणे, उचलणे, ढकलणे व ओढणे, बोटांनी हाताळणे, पाहणे, ऐकणे. पहिला कागद नामांचा आहे, दुसरा क्रियापदांचा. पहिला रुग्णालयात भरला जातो, दुसरा सचिवालयात. आणि ज्याच्या नोकरीचा वाद असतो तो माणूस पहिला हातात घेऊन दुसऱ्यापुढे उभा राहतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश नाकारलेल्या महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात, केवळ टक्क्यावरून अपात्र ठरविता येणार नाही आणि ही असमर्थता त्या अभ्यासक्रमास आड येते किंवा नाही हे मंडळाने कारणांसह नमूद केले पाहिजे, असे सांगितले. तो निर्णय प्रवेशाचा आहे, नोकरीचा नव्हे. पण त्याने मंडळापुढे जो प्रश्न ठेवला तो इतवारीत फार दिवसांपासून विचारला जात होता : ह्याला हे उचलवते की नाही?